दौलताबादचा सुलतान आणि आपली करुणा

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरांवर दौलताबादचा किल्ला उभा आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी येथे आणली. पुढे तो बेत त्याला सोडून द्यावा लागला. गिरीश कार्नाड यांच्या १९६४ सालच्या मूळ कन्नड व विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेल्या ‘तुघलक’ नाटकाचा उत्तरार्ध याच किल्ल्यात घडतो.

नाटकातील सुलतान निर्दोष नाही. स्वतःच्या हातानेही तो खून करतो. तरी प्रेक्षकाचे मन त्याच्याकडे ओढ घेते. आरंभी न्यायाचे आणि हिंदू-मुसलमान सलोख्याचे स्वप्न पाहणारा राजा आपल्याला भेटलेला असतो. नमाजाच्या वेळीच आपल्याला ठार करण्याचा कट उघड होताच तो राज्यातील प्रार्थनाच बंद करतो. त्याच्या श्रद्धेचा हा चुराडा पाहवत नाही.

परंतु स्थलांतराच्या वाटेवर एक माता आजारी बाळाला वैद्याकडे नेऊ द्या म्हणून विनविते आणि अधिकारी तिच्याकडे पैसे मागतो. राजाच्या स्वप्नाचे मोल ती देत असते. तिला विसरून राजाची कीव करणे ही करुणा नव्हे.

दावीद राजाही पापी होता. नाथान संदेष्ट्याने अपराध दाखविताच त्याने तो कबूल केला. तुघलकही व्याकूळ होऊन देवाचा धावा करतो. पण मागे फिरत नाही. अखेरीस प्रार्थनेची हाक पुन्हा येते, तेव्हा तो थकून झोपलेला असतो. आपली खरी कणव त्या झोपेसाठी असावी.