अंगणातील जेवणाचे टेबल : पांढुर्णा-सौंसरच्या हवामानात निवड कशी करावी?

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेले पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, तरी येथील घरांची ठेवण आणि जेवणाची रीत वैदर्भीयच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या वसाहतींत घरे बांधली जात आहेत, संत्र्याच्या बागांत विसाव्याची घरे उभी राहत आहेत आणि त्यांच्याबरोबर अंगणात किंवा परसात ठेवण्याच्या जेवणाच्या टेबल-खुर्च्यांचीही चौकशी होऊ लागली आहे.

उघड्यावर जेवणे या भागाला नवे नाही. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात मांडलेली पंगत, कोजागरीचे आटीव दूध, शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, हे सारे आकाशाखालीच घडत आले. त्यासाठी सतरंजी, पाट किंवा फार तर एखादी बाज पुरेशी असे. टेबल आले ते मुख्यतः गुडघ्यांमुळे. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना मांडी घालून बसणे आणि बसल्यावर उठणे जमेनासे झाले की त्यांचे ताट घरात, एकट्यासाठी वाढले जाते आणि पंगत बाहेर रंगते. अंगणातील टेबलाचा खरा उपयोग हा दुरावा मिटवण्यासाठी आहे. म्हणून निवड करताना दोन मापे आधी धरावीत : घरातील सर्वांत वयस्कर व्यक्ती आणि वर्षातील सर्वांत कठीण ऋतू. रंग, नक्षी आणि आकार यांचा विचार त्यानंतर.

उन्हाचा आणि पावसाचा हिशेब

उघड्यावरील सामानाविषयीचा प्रचलित सल्ला बहुधा समुद्रकाठच्या घरांना उद्देशून असतो. गोव्यात आणि कोकणात लोखंडाचा मुख्य शत्रू हवेतील मीठ आणि सततचा दमटपणा आहे. तेथील जुन्या घरांत पुढील दाराशी दगड-चुन्यात बांधलेले सोपे आढळतात, त्यांना गंज नाही की वाळवी नाही. पांढुर्णा-सौंसरकडे गणित निराळे आहे. येथे खारी हवा नाही, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा अतिशय कोरडी होते आणि जूनच्या मध्यानंतर लगेच पाऊस सुरू होतो. तापून आकसलेले लाकूड काही आठवड्यांत पाणी शोषून फुगते. हा फेरा दरवर्षी होतो आणि सांधे त्यानेच खिळखिळे होतात.

याशिवाय हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होणारी गारपीट या पट्ट्याला परिचित आहे. संत्र्याच्या बहराला जी गार झोडपते, तीच अंगणातील काचेच्या टेबलालाही फोडते. कठीण केलेली काच फुटल्यावर तिचे धारदार तुकडे न होता बारीक कण होतात, तरी ती फुटतेच. उघड्या अंगणासाठी काचेचे टेबल घेऊ नये. पावसाळ्यापूर्वीच्या वावटळीत हलक्या खुर्च्या उलटतात आणि उघडी छत्री टेबलासह कलंडते, हेही ध्यानात ठेवावे.

कोणता पदार्थ घ्यावा?

*सागवान :* सातपुड्याचा साग प्रसिद्ध आहे आणि या भागात उघड्यावरच्या लाकडासाठी तोच पहिला पर्याय ठरतो. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे पाणी आणि वाळवी या दोहोंना तो दाद देत नाही. मात्र हा गुण खोडाच्या मधल्या, तपकिरी गाभ्याचा आहे. सालीलगतचे फिकट लाकूड त्याच सागाचे असले तरी कीड आणि कूज यांना लवकर बळी पडते. सुताराकडून टेबल करून घेताना फळ्या रंगवण्याआधी पाहाव्यात, कारण गडद पॉलिशखाली फिकट लाकूड सहज लपते. उन्हात सागाचा रंग हळूहळू रुपेरी-करडा होतो. तो बिघाड नव्हे. मूळ रंग टिकवायचा असेल तरच वर्षातून एकदा घासून तेल द्यावे. सागाचे कच्चे लाकूड विकत घेताना पक्की पावती आणि वन विभागाच्या वाहतूक परवान्याची खातरजमा करावी.

*लोखंड :* गावातील वेल्डिंगच्या दुकानात मापानुसार टेबल आणि बाक करून मिळतात. ते मजबूत असतात, वाऱ्याने हलत नाहीत आणि मोडल्यास गावातच दुरुस्त होतात. गंज मात्र सहसा वेल्डिंगच्या सांध्यापासून आणि पायांच्या तळापासून सुरू होतो. सांधे घासून गुळगुळीत करावेत, आधी गंजरोधक प्राइमर आणि मग रंग द्यावा. पोकळ पाइपाची वरची टोके बंद असावीत आणि आत शिरलेले पाणी निघून जाण्यासाठी तळाशी बारीक छिद्र असावे. दुपारच्या उन्हात लोखंडी पृष्ठभागाला हात लावता येत नाही, म्हणून बैठक आणि हात टेकण्याची जागा लाकडी पट्ट्यांची किंवा विणलेल्या पट्टीची असावी.

*अॅल्युमिनियम :* गंजत नाही आणि उचलायला हलके असते. परंतु पातळ पत्र्याच्या नळ्या वाकतात आणि वावटळीत खुर्ची उडते. खुर्चीवर बसून किंचित डावी-उजवीकडे झुकून पाहावे. सांगाडा कुरकुरत असेल तर तो घेऊ नये.

*प्लास्टिक आणि वेत :* प्लास्टिकची खुर्ची स्वस्त आणि धुण्यास सोपी असते. सतत उन्हात ठेवल्यास तिचा पृष्ठभाग पांढुरका, खडूसारखा होतो आणि ती ठिसूळ बनते. अशी खुर्ची पूर्वसूचना न देता मोडते. वयस्कर माणसासाठी हा मोठा धोका आहे, म्हणून रंग उडालेल्या, पायांच्या मुळाशी बारीक चिरा गेलेल्या खुर्च्या लगेच बाद कराव्यात. खरा वेत ओसरीत शोभतो, उघड्या अंगणात तो ऊन-पावसाने तुटतो. बाहेरसाठी वेतासारखे दिसणारे, ऊन सोसणारे कृत्रिम विणकाम घ्यावे आणि आतील सांगाडा कशाचा आहे हे विचारावे. बांबूचे सामान घ्यायचे तर ते किडीविरुद्ध प्रक्रिया केलेले असावे. एरवी पोखरलेल्या बांबूतून पीठ गळू लागते.

*दगड :* कडप्पा किंवा कोटा फरशीचा माथा बसवलेले टेबल टिकाऊ असते, पण या दोन्ही फरश्या चुनखडीच्या जातीच्या आहेत. संत्रे, लिंबू, चिंच, कढी यांतील आम्लाने त्यांची चकाकी जाऊन कायमचे डाग पडतात. ज्या घरात हंगामात रोज संत्री सोलली जातात, तेथे ही अडचण किरकोळ नाही. दगडच हवा असेल तर ग्रॅनाइट बरे, आणि तेही फिकट रंगाचे, कारण काळा दगड उन्हात अधिक तापतो.

प्लायवुडचे स्वस्त प्रकार आणि लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्या उघड्यावर कधीही वापरू नयेत. पहिल्याच पावसात त्यांच्या कडा फुगतात.

मापे आणि बैठक

जेवणाच्या टेबलाची उंची ७२ ते ७६ सेंटीमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची ४३ ते ४६ सेंटीमीटर असावी. दोहोंमध्ये २५ ते ३० सेंटीमीटर अंतर राहिले तर मांड्या अडत नाहीत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी वरच्या मापाची, घट्ट बैठकीची आणि हात असलेली खुर्ची घ्यावी, कारण उठताना जोर पायांऐवजी हातांवर देता येतो. खोलगट, मागे रेललेल्या खुर्च्या गप्पांसाठी ठीक, जेवणासाठी आणि उठण्यासाठी गैरसोयीच्या. खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का, हे दुकानातच पाहावे.

एका माणसाला सुमारे ६० सेंटीमीटर रुंदी लागते. सहा जणांसाठी १५० ते १८० सेंटीमीटर लांब आणि ७५ ते ९० सेंटीमीटर रुंद टेबल पुरते. चौघांसाठी सुमारे एक मीटर व्यासाचे गोल टेबल लहान अंगणात सोयीचे. खुर्ची मागे सरकवून मागून वाढणाऱ्याला जाता यावे, यासाठी सभोवती निदान ७५ ते ९० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. विकत घेण्यापूर्वी खडूने किंवा रांगोळीने अंगणात टेबलाची चौकट आखावी आणि फाटक, दुचाकी, तुळशीवृंदावन यांना अडथळा होतो का ते पाहावे.

सणावाराला माणसे वाढतात. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणारी गोटमार यानिमित्त पांढुर्ण्यात घरोघरी पाहुणे असतात. बारा खुर्च्यांचा संच वर्षभर सांभाळण्यापेक्षा सहा जणांचे टेबल, एका बाजूला खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला लांब बाक ही मांडणी उपयोगी पडते. बाकावर मुले दाटीवाटीने बसतात, खुर्च्या वडीलधाऱ्यांना मिळतात. पोळा पावसाळ्यातच येतो, तेव्हा हे टेबल ओसरीत किंवा छपरीत मावते का, हेही आधी मोजावे.

जागा आणि सावली

पश्चिमेच्या भिंतीलगत टेबल ठेवल्यास उन्हाळ्यात भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. संध्याकाळच्या जेवणासाठी घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू चांगली. हिवाळ्यात मात्र सकाळचे कोवळे ऊन हवेसे वाटते. त्यामुळे दोघांना उचलता येईल असेच टेबल श्रेयस्कर. कडुनिंबाची सावली उत्तम, परंतु पाखरांची विष्ठा आणि निंबोळ्या टाळण्यासाठी टेबल फांद्यांच्या थेट खाली नसावे.

सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात खुर्चीचे पाय रुततात आणि लाकडात ओल चढते. पायांखाली फरशीचे तुकडे बसवावेत किंवा तेवढी जागा फरसबंद करावी. वयस्करांच्या दृष्टीने घरापासून टेबलापर्यंतची वाट सपाट आणि उजेडाची असणे हे टेबलाइतकेच महत्त्वाचे आहे. ओली, शेवाळलेली फरशी आणि अंधारी पायरी यांमुळे अंगणातले जेवण महागात पडू शकते.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

- घरातील वडीलधाऱ्यांना खुर्चीवर प्रत्यक्ष बसवून, आधाराविना उठता येते का ते पाहावे.
- टेबलाच्या कोपऱ्यावर दाब देऊन ते डगमगते का ते तपासावे.
- स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा थर दिलेले असावेत. निव्वळ खिळ्यांनी जोडलेले सांधे टाळावेत.
- माथ्याच्या पट्ट्यांमध्ये थोडी फट असावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि लाकडाला फुगण्यास जागा मिळते.
- गाद्यांचे अभ्रे काढून धुता यावेत आणि पावसाळ्यात त्या ठेवण्यास घरात जागा असावी.
- संचातील एखादी खुर्ची मोडल्यास तशीच सुटी मिळेल का, किंवा गावातील कारागीर ती दुरुस्त करू शकेल का, हे विचारावे.

देखभालीचे वेळापत्रक साधे आहे. मे अखेरीस सांधे आवळून घ्यावेत आणि लोखंडावरील खरचटलेल्या जागी रंग लावावा. पावसाळ्यात टेबल छपराखाली घ्यावे किंवा झाकावे, मात्र झाकण चारही बाजूंनी घट्ट गुंडाळू नये, आत हवा खेळती राहिली नाही तर बुरशी धरते. दिवाळीपूर्वी सर्व सामान धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर अंबिया बहाराची संत्री उतरू लागतात, हवा निवळते आणि अंगणात बसण्याचे दिवस सुरू होतात. एकच टेबल एकदाच घ्यायचे असेल, तर त्याची पहिली चाचणी त्याच दिवसांत घ्यावी : आजी-आजोबांचे ताट आता घरात लागते की बाहेर, एवढे पाहिले तरी निवड योग्य झाली की नाही ते कळते.