ठिगळाची बखर

मराठी माणसाला इतिहास म्हटला की किल्ला लागतो आणि किल्ला म्हटला की वेढा लागतो. तेव्हा एका वेढ्याचीच हकीकत सांगतो. हा वेढा पन्हाळ्याचा नव्हे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या घरच्या कॉम्प्युटरला तो पडलेला आहे आणि किल्लेदार आपण स्वतः आहोत. शत्रूचं नाव अपडेट. शत्रू म्हणतो, ‘मी तुमच्या भल्यासाठीच आलोय.’ असं म्हणत आलेल्या एका कंपनीचा आपला शंभर वर्षांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. पण ते असो.

बखरीची सुरुवात मूळपुरुषापासून करायची असते. अपडेटचा मूळपुरुष म्हणजे ‘पॅच’, शुद्ध मराठीत ठिगळ. हे अलंकारिक बोलणं नव्हे बरं का! १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ नावाचं एक अजस्र गणकयंत्र कामाला लागलं. त्याला हुकूम द्यायचे ते कागदी पट्टीला भोकं पाडून. भोक चुकीच्या जागी पडलं, की त्यावर कागदाचा तुकडा डकवायचा. असली ठिगळं लावलेली पट्टी अमेरिकेत जपून ठेवलेली आहे. आमच्या आजीनं जन्मभर हेच काम केलं. पण तिची एकही गोधडी कोणी संग्रहालयात नेली नाही. मात्र एक गोष्ट आजीच्या बाजूनं सांगितली पाहिजे. ठिगळ लावायच्या आधी ती ‘काढ तो सदरा’ म्हणायची. आपण लग्नाला निघालोय, पाय चपलेत आहेत आणि अंगातल्या सदऱ्यात तिनं सुई घातली आहे, असं कधी झालं नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका फरकात आहे.

सुरुवातीला कॉम्प्युटरवालेही आजीसारखेच वागत. ठिगळ फ्लॉपीवर किंवा सीडीवर यायचं. हवं तर लावा, नको तर ठेवा. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ नावाचं दुकान उघडलं. दुकानच ते! आपण जायचं, माल बघायचा, हवा तो उचलायचा. त्या काळी आपल्याकडे घरात इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तारेतून. मोडेम आधी घसा खाकरायचा, मग किंचाळायचा आणि पुढचा तासभर सासुरवाडीचा फोन लागायचा नाही. अपडेटचे जे काही फायदे इतिहासाला नोंदवता येतील, त्यांत हा पहिला. पुढे २००० साली ‘विंडोज मी’ आली, तिच्यात आपोआप अपडेटची सोय होती. म्हणजे दुकानदारच पाटी डोक्यावर घेऊन दारात येऊ लागला.

तो एवढा घायकुतीला का आला, हे सांगितलं नाही तर बखर एकतर्फी होईल. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टनं एका भोकावरचं ठिगळ जाहीर केलं. बरोबर सव्वीस दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्याच भोकातून ‘ब्लास्टर’ नावाचा किडा शिरला. ज्यांनी ठिगळ लावलं नव्हतं, त्यांतले असंख्य कॉम्प्युटर साठ सेकंदांची उलटी मोजणी करून आपले आपण बंद पडायचे आणि पुन्हा चालू व्हायचे. किड्याच्या पोटात बिल गेट्स यांच्या नावानं चिठ्ठीही होती. पैसे मिळवणं पुरे, आधी आपलं सॉफ्टवेअर दुरुस्त करा, अशा आशयाची. म्हणजे चोरानं कपाट फोडायचं आणि जाताना कुलूपवाल्याविरुद्ध तक्रार लिहून ठेवायची! शिवाय १६ ऑगस्टपासून सगळ्या बाधित यंत्रांनी मिळून ठिगळाच्या दुकानावरच मोर्चा न्यायचा, असाही त्याचा बेत होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ठिगळांना वार ठरवून देण्यात आला: महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत मंगळवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे आपल्या पदरात ठिगळ पडतं ते बुधवारी. मंगळवारी नवं काही सुरू करू नये असं मानणाऱ्या घरांची तेवढी सोय झाली. २००४ च्या ऑगस्टात एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ आला. पुरा गठ्ठा सुमारे २६६ एमबीचा. ५६ केच्या मोडेमवर तो उतरवायचा म्हणजे दहा तासांहून जास्त. तेवढ्या वेळात माणूस मुंबईहून रत्नागिरीला पोचतो आणि आंघोळ करून जेवायला बसतो.

तरीही तो काळ बरा होता. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये चार पर्याय असायचे. आपोआप लाव, आणून ठेव, पण विचारून लाव, आणू नको, नुसतं सांग, आणि चौथा, सांगूसुद्धा नको. लग्नाच्या आहेराबाबतही कोणी इतकी मोकळीक देत नाही. हा या इतिहासातला सुवर्णकाळ. तो २९ जुलै २०१५ रोजी संपला. त्या दिवशी विंडोज १० आली आणि तिच्या ‘होम’ आवृत्तीतून हा ‘नको’ काढून टाकण्यात आला. ऑफिसवाल्यांच्या ‘प्रो’ आवृत्तीत थोडेफार अधिकार शिल्लक ठेवले होते, ‘होम’मध्ये नाहीत. घरात घरधन्याचं कोणी ऐकत नाही, ही बातमी थेट अमेरिकेपर्यंत कशी पोचली याचं मला नवल वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. आमची ही म्हणाली, “नवल कसलं? तिकडेही घरं आहेतच की.”

जुनी विंडोज वापरणाऱ्यांना नवी फुकट द्यायची, अशी योजना होती. फुकट मिळतंय म्हटल्यावर खरं तर रांग लागायची. पण लोक पळू लागले. मग पडद्यावर आमंत्रण झळकू लागलं. हे आमंत्रण घेऊन येणारं अपडेट, क्रमांक केबी ३०३५५८३, लोक लपवून ठेवायचे आणि ते पुन्हा यायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका टीव्ही केंद्रावर बाई हवामानाचा अंदाज सांगत असताना पावसाच्या नकाशावरच ते आमंत्रण अवतरलं. मे महिन्यात तर कमाल झाली. खिडकीच्या कोपऱ्यातल्या लाल फुलीवर टिचकी मारली की खिडकी बंद होते, एवढं ज्ञान आपण वीस वर्षं उराशी बाळगून होतो. आता फुली मारली तरी ठरलेल्या वेळेचं अपग्रेड कायम राहू लागलं. ‘जेवायला बसता का?’ या प्रश्नाला ‘नको, पोट भरलंय’ म्हटलं की यजमानीणबाई पान वाढायला घेतात, तसलाच हा प्रकार. बराच आरडाओरडा झाल्यावर जूनच्या अखेरीस सरळ नकार द्यायचं बटण मिळालं. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंनी तर कोर्टात दावा लावून दहा हजार डॉलर वसूल केले.

किल्लेदारांनीही हातपाय गाळले नव्हते. आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी या लढाईतले नाणावलेले सरदार. त्यांचा पहिला डाव ‘मीटर’चा. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन हे कनेक्शन ‘मीटर्ड’ आहे असं सांगायचं. म्हणजे प्रत्येक एमबीला पैसे पडतात, असं समजून विंडोज बहुतेक अपडेट उतरवायचं टाळते. मीटर पडला की विंडोजसुद्धा रिक्षातल्या पुणेकरासारखी जपून बसते, हे त्यांचं लाडकं वाक्य. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावं लागतं, मगच चहा.

दुसरा डाव मुळावर घाव घालण्याचा. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘विंडोज अपडेट’ ही सेवाच बंद करून टाकायची. यावर कंपनीनं २०१८ मध्ये तोड काढली. ‘अपडेट मेडिक’ नावाचा एक वैद्य आत बसवला. अपडेट आजारी दिसलं की तो त्याला उठवून बसवतो. बरं, या वैद्यालाच बंद करावं म्हटलं तर परवानगी नाही. मालक आपण, वीजबिल आपलं, आणि परवानगी नाही!

आता कोणी म्हणेल, की हा निव्वळ हेकेखोरपणा झाला. तसं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या अपडेटनं काही लोकांचे फोटो आणि कागदपत्रं साफ पुसून टाकली. चार दिवसांत कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. मुलीच्या बारशाचे फोटो गेलेल्या माणसाला ‘सुरक्षिततेसाठी केलं हो’ म्हणून समजूत घालता येत नाही.

पण बखरीचं दुसरं पान उलटलं की हाताचा घास हातात राहतो. १४ मार्च २०१७ ला एक ठिगळ निघालं. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यानं कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठवावं लागलं, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ठिगळ जवळजवळ दोन महिने तयार होतं. ते लावलेलं नव्हतं, एवढंच. आपला कॉम्प्युटर हा आपला किल्ला खरा. पण त्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे. आपल्या घरातली वाळवी आपल्यापुरती थांबत नाही.

एवढं पटतंय न पटतंय तोच त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमध्ये शिरला कशातून? हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे दार लावून बसावं तर चोर खिडकीतून येतो आणि दार उघडावं तर तो पोस्टमनच्या वेषात येतो. युक्रेनच्या हिशेबनिसांचं दुखणं आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत पोचलं आणि तिथल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. पुढे १९ जुलै २०२४ ला ‘क्राउडस्ट्राइक’ या पहारेकरी कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यायची वेळ आली. कित्येक वर्षांनी सुवाच्य अक्षराला भाव आला.

मग शहाण्यानं करावं काय? माझा शिरस्ता सांगतो. २०१९ पासून ‘होम’वाल्यांनाही अपडेट सात-सात दिवसांनी, पस्तीस दिवसांपर्यंत थोपवायची मुभा मिळाली. दुसरा मंगळवार आला की मी आठवडाभर थांबतो. नव्या हॉटेलात आपण पहिल्या दिवशी जात नाही. जाऊन आलेल्यांची तब्येत बघतो, तसंच. कोणी कण्हताना दिसलं नाही, की फोटो आणि कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, ‘अपडेट अँड शट डाऊन’ म्हणायचं आणि झोपायला जायचं. किडा सुटल्याची बातमी मात्र आली, तर त्याच रात्री. कायमचं ‘नको’ हे शौर्य नव्हे; पण ‘आत्ता नको’ हा गृहस्थाचा हक्क आहे. आजी फाटका सदरा घालू देत नसे, पण लग्नाहून परत येईपर्यंत थांबत असे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत ठिगळं बंद झाली. पुढच्या एका वर्षाची मुदतवाढ हवी असेल, तर त्यासाठी नाव नोंदवायचं होतं. काहींना काही अटी पाळून ती फुकट मिळत होती, नाहीतर तीस डॉलर. दहा वर्षं तटावर उभे राहून ‘नको, नको’ ओरडणारे आमचे सरदार नोंदणी कशी करायची ते विचारायला सकाळी सात वाजता माझ्या दारात हजर.

“अहो, तुम्हाला तर अपडेट नको होतं ना?” मी म्हटलं.

“नको कुठं होतं?” ते म्हणाले. “एकदा विचारलं असतं, तर ‘घ्या’च म्हणणार होतो.”