मैत्री, दृष्टी आणि मराठी चित्रपुस्तक

मराठी बालसाहित्याचा इतिहास सांगताना १८२८ हे साल हटकून येते. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' प्रसिद्ध झाले. मूळ लेखन बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे. ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. पुस्तकाच्या नावातच मैत्री आहे, परंतु हा मित्र मुलाच्या शेजारी बसत नाही. समोर उभा राहून चांगल्या वर्तनाचा धडा देतो.

वास्तविक मैत्रीची याहून मोकळी कल्पना आपल्या परंपरेत पूर्वीपासून होती. 'पंचतंत्रा'तील 'मित्रसंप्राप्ती'त कावळा, उंदीर, कासव आणि हरिण एकत्र येतात. हरिण पाशात सापडते तेव्हा त्याचा ठाव उंचावरून पाहणारा कावळा लावतो आणि पाश कुरतडतो तो उंदीर. प्रत्येकाला जग निराळे दिसते, म्हणूनच ते एकमेकांच्या उपयोगी पडतात. 'एकी हेच बळ' एवढेच तात्पर्य काढले, की कथेतले हे मर्म हातचे निसटते.

पुढे मुलांच्या वाचनाचा भार नियतकालिकांनी वाहिला. नागपूरच्या 'मुलांचे मासिक'ने १९२७पासून केलेले काम विदर्भातील वाचकांना सांगायला नको. मात्र नियतकालिकांच्या घडणीत मजकूर आधी आणि चित्र मागून, असाच क्रम बहुधा राहिला. रंगीत छपाईचा खर्चही आड येई. चित्राने मजकुराला शोभा द्यावी. स्वतः काही सांगावे, ही अपेक्षा नव्हती.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी हा क्रम मोडला. लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसे आपल्याला भेटतात ती राधाच्या नजरेतून; मोठ्यांनी मुलाकडे पाहण्याची जुनी दिशा येथे उलटते. 'चित्रवाचन'मध्ये तर चित्र हाच मजकूर आहे. एकाच पानावर दोन मुलांना दोन गोष्टी दिसू शकतात आणि दोघांचेही बरोबर असते. 'तुला काय दिसले?' हा प्रश्न तेथे आपोआप निघतो. मैत्रीचा आरंभ याच प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी पुस्तकात 'मैत्री' हा शब्द असण्याचीही गरज नाही.

पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. सन्मान झाला, पण केवळ शब्द वाचणाऱ्या वाङ्मयेतिहासाला अशा पुस्तकाचा अर्धा भाग दिसतच नाही. कथानक, भाषा, बोध यांची नोंद होते. चित्रकाराचे नाव सूचीत गाळले जाते. प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. जे पुस्तक मुलाला दुसऱ्याच्या नजरेने पाहायला शिकवते, त्याचा इतिहास एकाच नजरेने लिहिला जाऊ नये. निदान लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचे नाव नोंदवण्यापासून आरंभ करता येईल. उंदराच्या दातांची नोंद ठेवताना कावळ्याच्या डोळ्यांचा विसर पडू नये, इतकेच.