मुंबई बेटाचा निरोप : नाणेघाटाच्या माथ्यावरून

१/ मित्रहो, जुन्नरहून घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिले की पायथ्याशी कोकण पसरलेले दिसते. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरच्या पेठेत चढत असे. त्याच किनाऱ्यावर एक बेट होते, ज्याचा निरोप घेणे एका साम्राज्याला फार जड गेले. आजचा धागा त्या निरोपाविषयी.

२/ डिसेंबर १५३४. मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीजांकडे वळला. वसईच्या तहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख त्यांना मिळाला. त्यात मुंबईही आली. पुढची एकशे तीस वर्षे हे बेट त्यांचेच होते.

३/ या बेटावर जीव जडलेला पहिला नामवंत युरोपीय म्हणजे गार्सिया द ओर्ता हा वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधीविषयक ग्रंथात त्याने आपल्या मुंबईच्या वाडीतील एका आंब्याचे कौतुक केले आहे. ते झाड वर्षातून दोनदा फळत असे!

४/ ओर्ता १५६८ साली वारला. तो जन्माने ज्यू वंशाचा. बारा वर्षांनी, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या राजवटीसाठी त्याने या भूमीचे ज्ञान गोळा केले, तिने त्याला दिलेला निरोप असा होता.

५/ जून १६६१. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडचा आधार हवा होता. त्यासाठी जे दिले गेले, त्यात मुंबईचे बंदर आणि बेट होते. बेटावरील माणसांना कोणी विचारले नाही.

६/ १६६२ साली अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह ताबा घ्यायला आला. नवा पोर्तुगीज गव्हर्नर आंतोनियो द मेलो द कास्त्रो त्याच ताफ्यातून आला होता. त्याने कागदपत्रांतील त्रुटी पुढे करून बेट देण्याचे नाकारले. इंग्रजांना साष्टी व ठाणेही हवे होते, त्यामुळे वाद चिघळला.

७/ शिपमनची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली. रोगराई आणि उपासमार यांनी सैनिक पटापट मेले. १६६४ साली शिपमनही गेला. जिवंत राहिले ते सुमारे शंभर. एका बेटाच्या हव्यासापायी दुसऱ्या बेटाची स्मशानभूमी झाली.

८/ जानेवारी १६६५ मध्ये मेलो द कास्त्रोने आपल्या राजाला पत्र लिहिले. या बंदरापुढे लिस्बनही फिके आहे आणि इंग्रज येथे स्थिरावले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच म्हणून समजावे, असा त्याचा आशय. गव्हर्नरला या देशात येऊन अडीच वर्षेही झाली नव्हती. त्याचे दुःख सत्ताधीशाचे होते, रहिवाशाचे नव्हे.

९/ १८ फेब्रुवारी १६६५. बेटाची जमीनदारीण दोना इनेज द मिरांडा हिच्या वाड्यात हस्तांतराचा विधी झाला. शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने बेटाची माती आणि दगड हातात घेतले, बुरुजावरून फेरी मारली; झाला ताबा. त्याच महिन्यात शिवनेरीवर जन्मलेले शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर निघाले होते. समुद्राचे मोल ओळखणारी एक सत्ता किनारा सोडत होती आणि दुसरी त्यावर उतरत होती.

१०/ पण बेटाचा खरा निरोप कोणी घेतला? जमीनदारांच्या मिळकतींना करारात हमी होती. उलट पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी इंग्रजांकडे गेल्यास त्यांना परत करावे, असे कलम होते. कोळी आपल्या होड्यांसह तेथेच राहिले. निरोपाचे दुःख व्यक्त करणे हीसुद्धा ज्याच्या हाती लेखणी आहे त्याचीच चैन असते.

११/ १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. १६७५ साली कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून सह्याद्री चढून जुन्नरला आला. मोगल अधिकाऱ्याने त्याला उपचारांसाठी बोलावले होते. शिवनेरीही तेव्हा मोगलांकडेच होता. परतताना तो नाणेघाटाने उतरला. ओर्ताप्रमाणे तोही वैद्य, पण त्याच्या मागे आता नवी सत्ता उभी होती.

१२/ मेलो द कास्त्रोचे भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले; मात्र वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हातून घेतली ती मराठ्यांनी, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत. ज्या वाड्यात तो विधी झाला, त्याच्याभोवती पुढे मुंबईचा किल्ला वाढला. आज त्या आवारात नौदलाचा तळ आहे. त्याचे नाव : आंग्रे.

१३/ पुढच्या वेळी नाणेघाटात गेलात, तर लेण्यातला शिलालेख आणि दगडी रांजण पाहून झाल्यावर क्षणभर पश्चिमेकडे पाहा. दरबाराच्या कागदावर बेटाचे धनी बदलले. घाटाची वाट आणि किनाऱ्यावरची माणसे मात्र तेथेच राहिली. धागा समाप्त.