पाणीपट्टी : कर की किंमत?

सोलापूरच्या ईशान्येस हिप्परग्याचा, म्हणजे एकरूखचा, तलाव आहे. अदिला नदी अडवून तो १८७१ साली पुरा झाला. बांधला सरकारने, आणि बांधला तो शेतीसाठी. पुढे शहरात गिरण्या आल्या, वस्ती वाढली, तेव्हा नगरपालिकेने त्याच तलावाचे पाणी नळाने गावात आणले. यात एक गंमत आहे, बघा. तलाव सरकारचा, नळ पालिकेचा आणि पाणी पिणारा तिसराच. तिघांचा हिशेब तेव्हापासून चालू आहे.

शेतकऱ्याचा हिशेब १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने बांधून दिला : पाण्याची बाकी राहिली तर ती शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणे वसूल करायची. शहरात पाणीपट्टी हा कर ठरला, घरपट्टीचा धाकटा भाऊच म्हणा ना. कर थकला की नोटीस, मग जप्ती, मग लिलाव. नळ तोडण्याचा अधिकारही कायद्याने दिलेला होता. तो आजही आहे.

पण चाळीतला नळ कोणाचा? कर भरायचा घरमालकाने आणि कोरडी पडायची भाडेकऱ्याची घागर. एका नळावर दहा बिऱ्हाडे असली, तर मालकाची बाकी दहाही जणांनी तहानेने फेडायची. त्यापेक्षा जप्ती परवडली, असे मला वाटते. जप्तीत ज्याची बाकी त्याचेच भांडे जाते, पाणी कोणाचेच जात नाही.

आता पाण्याचा मालक खाजगी झाला तर? कंपनीला कर बसवता येत नाही. ती किंमत मागते. तिला पालिकेसारखी जप्तीही करता येत नाही. मग उरते काय? कोर्टात जायचे, नाही तर नळ तोडायचा. इंग्लंडात १९८९ साली पाणीपुरवठा कंपन्यांना विकला गेला आणि लवकरच हजारो घरांचे नळ बंद झाले. पाणी तुटलेल्या घरातून रोगराई पसरेल ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत, अशी ओरड झाली. अखेर १९९९ च्या कायद्याने राहत्या घराचे पाणी बाकीसाठी तोडण्यास बंदी केली. कंपन्या खाजगीच राहिल्या. पण बाकीसाठी त्यांना इतर सावकारांसारखे कोर्टाचे दार ठोठवावे लागते.

आपल्याकडे अशी सरसकट विक्री झाली नाही. २००८ साली शेजारच्या लातूरची योजना कंपनीला चालवायला दिली. मीटर आणि दर यांवरून गावात विरोध उठला व करार मुदतीआधीच गुंडाळला गेला. नागपुरात २०१२ पासून कारभार कंपनीचा असला, तरी मालकी महापालिकेची आहे. हा फरक लोकांच्या बोलण्यात बहुधा हरवतो.

सोलापूरला आज मुख्य आधार उजनीचा. म्हणजे आपण महापालिकेला पट्टी भरतो आणि महापालिका पाटबंधारे खात्याला. ती स्वतःच एक ग्राहक आहे. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना घरची पाणीपट्टीची पावती वर्गात आणायला सांगावी, आणि ती कोणाच्या नावाने आहे, बाकी राहिल्यास काय होईल असे तीत छापले आहे, ते मोठ्याने वाचून घ्यावे.