मुल्हेरची ‘मागची बाजू’ कुठली?

एप्रिल १८२५. सेवराम नावाच्या सोनारानं साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावानं बनावट पत्रं तयार केली, ती दाखवून बागलाणातल्या भिल्ल नायकांना उठवलं, अंतापूर लुटलं गेलं आणि बंडवाले मुल्हेरच्या डोंगरावर जाऊन बसले. मालेगावहून जेम्स ऑट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट सुमारे २०० शिपाई घेऊन निघाला. थोडे शिपाई त्यानं समोरून हूल द्यायला ठेवले. बाकीचे घेऊन तो रात्री मागच्या बाजूनं चढला. उजाडताना बंडवाल्यांची पांगापांग झाली. हाच ऑट्रम त्याच वर्षी धरणगावला (आजचा जळगाव जिल्हा) भिल्ल पलटण उभी करायच्या कामाला लागला.

बागलाण आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी तेव्हा खानदेशात होतं, म्हणून ही घटना माझ्या अभ्यासात येते. माझा विषय जुन्या वाटांचा. कुठून कुठे जायला किती वेळ लागत असेल, हे नकाशावरून काढायचं. मूळचा मी विज्ञानाचा, त्यामुळे आकडा हातात आला की बरं वाटतं.

या प्रसंगाचा आकडाही मी खोलीत बसून काढला होता. स्कॉटलंडच्या डोंगरांत भटकणाऱ्या विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये एक साधा नियम दिला: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. मुल्हेर गावापासून गड तीनेक किलोमीटर, चढ सुमारे ७०० मीटर. म्हणजे पावणेदोन तास. रात्रीचे म्हणून दुप्पट धरले. मग उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून ‘मागची’ वाट आखली. मुल्हेर आणि हरगड यांच्यामधल्या खिंडीतून लाल रेघ वर गेली. प्रकरणात नकाशा लागला, खाली टीपही झाली. छान दिसत होता.

मग मागच्या एप्रिलमध्ये, मुद्दाम त्याच महिन्यात, आम्ही दोघं धुळ्याहून पिंपळनेर, ताहाराबाद करत मुल्हेरला गेलो. ठरवलं होतं ते तिन्ही शिखरांचं चक्कर: पूर्वेला मोरा, मधे मुल्हेर, पश्चिमेला हरगड. मुक्काम माचीवर सोमेश्वराच्या देवळात.

माझी रेघ जिथून जाते तिथे उभं राहिल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की तिथे कडा आहे. फार मोठा नाही, पण सरळ. मी वापरलेल्या माहितीत ३० मीटर बाय ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची असते. आपल्या बेसॉल्टच्या डोंगराला पायऱ्यापायऱ्यांचे कातळ असतात, वीस-पंचवीस मीटरचे. ते असल्या चौकोनांत घासून गुळगुळीत होतात. संगणकाला तिथे तीव्र उतार दिसतो, माणसाला भिंत दिसते. शेजारीच शेळ्या चारणारे एक बाबा होते. मी बोट दाखवून विचारलं, इथून वर जाता येईल का? म्हणाले, “ती वाट बकऱ्यासनी शे, तुमनी नही.”

दुसरी गोष्ट हरगडावरून मुल्हेरकडे बघताना सुचली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मागची बाजू कुणाची मागची? गाव उत्तरेला, म्हणून मी दक्षिण धरली होती. पण मोऱ्याकडून बघितलं तर हरगडाची बाजू मागची, हरगडाकडून बघितलं तर मोऱ्याची. बंडवाले नेमक्या कुठल्या शिखरावर होते? एका डोंगरावर तीन गड आहेत आणि ‘मुल्हेर’ म्हटलं की तिन्ही त्यात येऊ शकतात. ‘मागून’ हा शब्द हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेला आहे. तो दिशा सांगत नाही, डाव सांगतो. मी तो होकायंत्रासारखा वाचला.

आणखी एक. एप्रिलात गवत वाळलेलं, मुरमाचा घसारा, दिवसासुद्धा पाय निसटतो. तिथे दीड-दोनशे माणसं रात्री आवाज न करता चढली. पावणेदोन तास सोडा, आम्हाला दिवसाउजेडी साडेतीन लागले, तेही मळलेल्या वाटेनं. वाट दाखवणारं कुणीतरी त्याच गावचं असणार, याबद्दल मला आता शंका नाही. कदाचित भिल्लच. बंडही भिल्लांचं, आणि पुढे पलटणही भिल्लांचीच. शौर्याची गोष्ट ऑट्रमच्या नावावर राहिली. (गाईडना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुरावा आण. बरोबर आहे त्यांचं.)

परत आल्यावर लाल रेघ पुसली. तिच्या जागी आता दोन तुटक पट्टे आहेत, एक मोऱ्याच्या खिंडीकडून, एक हरगडाच्या. वेळेच्या रकान्यात एक आकडा होता तिथे ‘साडेतीन ते सात तास’ असं लिहिलंय. नकाशा पहिल्यापेक्षा कुरूप दिसतो. पुढच्या फेरीला थंडीत जायचंय, मोऱ्याच्या बाजूनं, आणि ते बाबा भेटले तर त्यांना बरोबर घेऊन.