फुकटची जागा आणि उंच कक्षा : हौशी रेडिओ उपग्रहांची गोष्ट

मागच्या वेळी आपण हॅम रेडिओ म्हणजे काय, परवाना कसा मिळतो, हे पाहिलं. आज जरा वर जायचं आहे. किती वर, हाच खरं तर आजचा प्रश्न.

२३ मे १९८०. फ्रेंच गयानामधलं कुरू. एरियान रॉकेटची ही दुसरीच चाचणी. त्याच्या पोटात एक उपग्रह होता, फेज-३ए. तो कुठल्या सरकारचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी नोकऱ्या सांभाळून, सुट्ट्या आणि रात्री घालवून तो बांधला होता. पहिल्या टप्प्याच्या चार इंजिनांपैकी एका इंजिनातलं ज्वलन बिघडलं आणि दोन मिनिटांच्या आत खेळ संपला. कित्येक वर्षांचं काम अटलांटिक महासागरात गेलं.

आता कुणी विचारेल, चाचणीच्या रॉकेटवर एवढा मोलाचा माल ठेवलाच कशाला? तर जागा तिथेच मिळते म्हणून! हा धागा आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचा आहे.

सुरुवातीपासूनच ही मंडळी उरलेल्या जागेवर जगत आली. पहिला उपग्रह ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ ला कॅलिफोर्नियातून गेला. वजन साडेचार किलोच्या आसपास. अमेरिकन हवाई दलाच्या रॉकेटवर तोल साधण्यासाठी जे वजन ठेवावं लागायचं, त्याच्या जागी याला बसवलं. त्यानं काय केलं? मोर्स संकेतात 'हाय' एवढंच म्हटलं, सुमारे तीन आठवडे. पण २८ देशांतल्या ५७० हून अधिक हॅमनी ते ऐकून कळवलं. पुढे ट्रान्सपॉन्डर असलेले, म्हणजे आपला आवाज घेऊन परत खाली फेकणारे उपग्रह वर जाऊ लागले आणि १९६९ मध्ये ॲमसॅट ही संस्था निघाली.

पण हे जवळजवळ सगळे खालच्या कक्षेतले. हजार-दीड हजार किलोमीटरवरचा उपग्रह तुमच्या आकाशात दहा-वीस मिनिटं असतो. 'नमस्कार, तुमचा आवाज छान येतोय' म्हणेपर्यंत तो क्षितिजाखाली. गप्पा मारायच्या, समुद्रापलीकडे बोलायचं, तर उंच जायला हवं.

त्यासाठी जी कक्षा निवडली, ती खूप लांबट. झोपाळा आठवा. खाली येताना तो सपकन जातो, वरच्या टोकाला मात्र क्षणभर रेंगाळतो. लांबट कक्षेतला उपग्रहही पृथ्वीजवळून झपाट्यानं निघून जातो आणि ३६ हजार किलोमीटर उंचीवर तासन्‌तास रेंगाळतो. तेवढा वेळ जवळजवळ अर्धी पृथ्वी त्याच्या नजरेत.

याची किंमत काय, तेही बघू. अंतर छत्तीस पट वाढलं की संदेश बाराशे-तेराशे पट क्षीण होतो. म्हणजे मोठे अँटेना, जास्त वीज, आणि उपग्रहाचं तोंड नेमकं पृथ्वीकडे राखणं आलं. वाटेत किरणोत्साराचे पट्टे लागतात. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की रॉकेट तुम्हाला हव्या त्या कक्षेत सोडत नाही. ते मुख्य प्रवाशाला हवं तिथे जातं. पुढचा प्रवास स्वतःच्या इंजिनानं करायचा. इंजिन आलं की ज्वालाग्राही, विषारी इंधन आलं. मग मुख्य प्रवाशाचा मालक म्हणणार, माझ्या कोट्यवधींच्या उपग्रहाशेजारी हे हौशी लोकांचं इंधन कशाला?

तरीही १६ जून १९८३ ला ऑस्कर-१० गेला. रॉकेटपासून सुटा झाला आणि त्याच रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यानं त्याला मागून धडक दिली! अँटेनाला इजा झाली. इंजिनाचं पहिलं ज्वलन झालं, पण दुसऱ्या वेळेपर्यंत हेलियम गळून गेला होता. विषुववृत्ताशी ५७ अंशांचा कल हवा होता, उपग्रह २६ अंशांवरच अडकला. १९८६ पर्यंत किरणोत्सारानं संगणकाची स्मृतीही खाल्ली. आणि तरी लोक त्यावरून पुढे कित्येक वर्षं बोलत राहिले. ऊन नीट पडत असेल तेव्हा बोला, नाहीतर त्याला विश्रांती द्या, अशी शिस्त आपापसात पाळून. आम्हाला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त भावते.

१५ जून १९८८ चा ऑस्कर-१३ मात्र उत्तम बसला. तोही एरियान-४ च्या पहिल्याच उड्डाणावर, हे लक्षात ठेवा. त्याला मारलं ते सूर्य-चंद्रानं. त्यांच्या ओढीनं कक्षेचं खालचं टोक हळूहळू उतरत गेलं. हे गणितातून काही वर्षं आधीच कळलं होतं; पण वाचवायला इंधन नव्हतं. डिसेंबर १९९६ मध्ये तो वातावरणात जळाला.

मग आलं सगळ्यांत मोठं स्वप्न, फेज-३डी. सहाशे किलोंच्या वरचा, अनेक देशांच्या हौशींनी मिळून केलेला. एरियान-५ च्या चाचणीवर जायचा होता, ती जागा हुकली, वर्षं गेली. शेवटी १६ नोव्हेंबर २००० ला गेला. १३ डिसेंबरला इंजिनाच्या कामाच्या वेळी आवाज बंद! नाताळच्या दिवशी तो परत बोलू लागला. तपासातून सर्वाधिक शक्य वाटलेलं कारण ऐकून डोक्याला हात लावाल. इंजिनाच्या एका वायुमार्गावरचं संरक्षक टोपण उड्डाणाआधी काढायचं राहून गेलं असावं. याला हलगर्जीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमचं मत वेगळं. शेकडो जोडण्या, थकलेली मोजकी माणसं, आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकाची घाई. यात एक टोपण राहतं. उरलेल्या यंत्रणेवर त्यानं जानेवारी २००४ पर्यंत काम केलं, मग बॅटरीनं दगा दिला.

त्यानंतर तसा उपग्रह गेलेला नाही. फेज-३ई जर्मनीत तयार होत होता, उड्डाणाचे पैसे जमले नाहीत. उरलेली जागा आता सहसा कुणी फुकट देत नाही. ती बहुधा किलोच्या भावानं विकली जाते. त्यात अमेरिकेनं उपग्रहांचं तंत्रज्ञान शस्त्रांच्या यादीत घातल्यावर परदेशी मित्राशी आराखड्याची चर्चा करणंही कायद्याच्या कचाट्यात आलं.

आपल्याकडचं काम खालच्या कक्षेतलंच. ५ मे २००५ ला इस्रोनं पीएसएलव्हीवरून हॅमसॅट सोडला, साडेबेचाळीस किलोचा. तो २०१४ पर्यंत चालला. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभराचा 'स्वयम्' गेला, हॅमसाठी संदेशांची ने-आण करायला. दोन्हींचं कौतुक आहेच. पण किलोभराच्या डब्यात उंच कक्षेचं इंजिन आणि अँटेना कुठे बसवणार?

उंचीचा प्रश्न अखेर सुटला तो वेगळ्याच वाटेनं. कतारच्या 'एस्-हेल-२' या व्यावसायिक प्रसारण उपग्रहावरच हौशींसाठी ट्रान्सपॉन्डर बसवले गेले. स्वतःचा उपग्रह नाही, दुसऱ्याच्या घरातली एक खोली म्हणा. नोव्हेंबर २०१८ ला तो गेला आणि फेब्रुवारी २०१९ पासून हौशींना खुला झाला. भू-स्थिर कक्षा, २६ अंश पूर्व रेखांशाजवळ. मुंबईहून पाहिलं तर पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण तेहतीस अंशांवर. तिथे रोखलेली टीव्हीची छोटी तबकडी ऐकायला पुरते. यावरून बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज पाव सेकंदानं परत ऐकू येतो.

ब्राझीलपासून थायलंडपर्यंत तो दिसतो, आणि जागचा हलत नाही. म्हणून ऑस्कर-१ जिथे बांधला गेला, त्या कॅलिफोर्नियातल्या हॅमना मात्र तो कधीच दिसत नाही. त्यांची रांग अजून तिथेच आहे, कुणाच्या तरी रॉकेटवर जागा उरण्याची वाट बघत.